एकाच केसपेपरवर दमा आणि वजन : इंदूरमधील एका बालदमा ओपीडीविषयी

इंदूरच्या पश्चिम भागातील एका खाजगी बालरुग्णालयात मुलांच्या दम्यासाठी स्वतंत्र ओपीडी चालते. तिचे वैशिष्ट्य असे की, वजन जास्त असलेल्या दमेकरी मुलांना तेथे छातीचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट असे तिघेही एकाच फेरीत तपासतात आणि तिघांच्या नोंदी एकाच केसपेपरवर होतात. आमच्या दहा वर्षांच्या नातवाला गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तेथे नेत आहोत. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे आणि त्यांतल्या बऱ्याचशा शहरातील इतर खाजगी रुग्णालयांनाही तितक्याच लागू पडतात. ज्यांच्या घरी अंगाने भरलेले आणि वारंवार धाप लागणारे मूल आहे, त्यांना अशा सेवेतून काय मिळते आणि काय मिळत नाही हे कळावे, एवढाच हेतू आहे. नोकरीची सगळी वर्षे प्राणिशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे डॉक्टरांना प्रश्न विचारण्याची मला खोड आहे. येथील डॉक्टरांनी त्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे दिली, ही त्यांच्या बाजूची पहिली नोंद.

येथे येण्यापूर्वी आम्हांला दोन टोकांचे सल्ले मिळाले होते. एका ठिकाणी मुलाकडे नुसते पाहूनच ‘आधी वजन कमी करा, दम आपोआप थांबेल’ असे सांगून बोळवण झाली. दुसऱ्या ठिकाणी दर खोकल्याला वाफ, सिरप आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स मिळत गेला, पण मुलाला वजनकाट्यावर उभे करण्याची गरज कोणाला वाटली नाही. घरातही मते वेगळी नव्हती. ‘खात्यापित्या घरचा आहे, वयात आला की उंच होईल आणि सुटेल,’ असे म्हणणाऱ्यांत मीही होते आणि शेजारपाजारही होता. या ओपीडीचे वेगळेपण असे की, तिने हे दोन्ही सल्ले बाजूला ठेवले आणि मुलाला होणारा त्रास खरोखर दम्याचा आहे का, या प्रश्नापासून सुरुवात केली.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वजन जास्त असलेले मूल जिना चढताना धापा टाकते, ते सवय नसल्यामुळे आणि जास्त भार वाहावा लागत असल्यामुळेही असू शकते. डॉक्टरांनी सूनबाईंना नेमके विचारले की, धाप पळता पळता लागते आणि थांबल्यावर लवकर ओसरते, की खेळ थांबवल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत उलट वाढत जाते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का. पहाटे खोकल्याने झोपमोड होते का. झोपेत घोरतो का. रात्री उशिरा जेवण झाल्यावर त्रास वाढतो का. व्यायामाने उफाळणारा दमा बहुतेकदा खेळ थांबल्यानंतर जोर करतो, तर नुसती दमछाक विश्रांतीने उतरते. घोरण्याचा प्रश्न झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी होता आणि जेवणाचा प्रश्न आम्लपित्त घशाशी येण्यासाठी होता. लठ्ठ मुलांत हे दोन्ही त्रास अधिक आढळतात आणि दोन्ही दम्याचे सोंग घेऊ शकतात किंवा असलेला दमा बिघडवू शकतात. प्रतीक्षागृहात भेटलेल्या एका आईने सांगितले की, तिच्या मुलीला येथे तपासणीअंती दमा नसल्याचे सांगून चालू असलेला, श्वासातून औषध घेण्याचा पंप (इनहेलर) बंद करण्यात आला. जी सेवा औषध काढूनही घेते, तिच्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

त्यानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकायला लावून श्वासाची हवा मोजण्याची चाचणी. काचेच्या छोट्या खोलीत नातवाच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि समोरच्या पडद्यावर वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या दिसू लागल्या. तंत्रज्ञ ताई त्याच्या कानाशी ‘फूँको, फूँको, और फूँको, अभी मत छोड़ो’ असे इतक्या जोरात ओरडत होत्या की बाहेरची रांग हसू लागली. पहिल्या फुंकीला मेणबत्त्या अर्ध्यावरच राहिल्या. मग तो इरेला पेटला आणि लाल होईपर्यंत फुंकत राहिला. ही चाचणी मुलाच्या प्रयत्नावर अवलंबून असते आणि साधारण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांनाच नीट जमते, त्यामुळे असा आरडाओरडा करणारे माणूस मिळणे हे यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

आलेला निकाल मला विशेष वाटला. पूर्ण श्वास घेऊन त्याने जोराने बाहेर सोडलेली एकूण हवा वयाच्या मानाने कमी नव्हती, उलट थोडी जास्तच होती. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवाही वरवर पाहता ठीक होती. पण या दोहोंचे गुणोत्तर, जे निरोगी मुलांत साधारण ०.८५ ते ०.९० किंवा त्याहून वर असते, ते ०.७६ भरले. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले की, लठ्ठ मुलांत पुष्कळदा फुप्फुसे मोठी होतात, पण श्वासनळ्या त्या प्रमाणात रुंद होत नाहीत. हवेचा साठा वाढतो आणि वाट मात्र अरुंदच राहते. म्हणूनच केवळ एक-एक आकडा पाहणाऱ्याला अशा मुलाचा अहवाल ‘नॉर्मल’ वाटू शकतो. श्वासनळ्या मोकळ्या करणारे सालब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी चाचणी पुन्हा केली तेव्हा पहिल्या सेकंदाची हवा १६ टक्क्यांनी सुधारली. १२ टक्क्यांहून अधिक सुधारणा ही दम्याच्या बाजूची साक्ष मानतात. निदान पक्के झाले.

वजनाचेही तसेच. उंची १३८ सेंटिमीटर आणि वजन ४६ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २४ च्या थोडा वर. मोठ्या माणसात हा आकडा फारसा घाबरवणारा नाही, त्यामुळे घरी कोणी मोजला असता तरी दुर्लक्षच झाले असते. पण मुलांचा इंडेक्स वय आणि लिंगानुसार तक्त्यावर मांडावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ मध्ये सुधारित तक्ते दिले. त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ या आकड्यांना समकक्ष अशा रेषा आखलेल्या आहेत. त्या तक्त्यावर आमच्या नातवाचा ठिपका वरच्या, म्हणजे लठ्ठपणाच्या रेषेच्याही पलीकडे पडला. डॉक्टरांनी तो तक्ता आमच्याकडे फिरवून दाखवला. ‘गुटगुटीत’ हा शब्द त्यानंतर आमच्या घरातून बाद झाला.

या दोन आजारांचे नाते एका दिशेचे नाही, हे या ओपीडीत जितके स्पष्ट सांगितले गेले तितके मी इतरत्र ऐकले नव्हते. अमेरिकेत पाच लाखांहून अधिक मुलांच्या वैद्यकीय नोंदी तपासणाऱ्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे अनुमान निघाले की, लठ्ठ मुलांमध्ये नव्याने होणाऱ्या दम्यापैकी सुमारे २३ ते २७ टक्के दमा त्या लठ्ठपणामुळे असावा. पोट आणि छातीवरची चरबी श्वासपटलाला पुरते खाली उतरू देत नाही, श्वास उथळ होतो. शिवाय चरबीच्या पेशी लेप्टिनसारखी द्रव्ये रक्तात सोडतात आणि शरीरात मंद दाह चालू राहतो. या दाहाची जात नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या दम्याहून काहीशी वेगळी असल्याने अशा मुलांना श्वासातून घेण्याच्या स्टेरॉइडचा गुण कधीकधी कमी येतो. उलट दिशेचा पुरावा कॅलिफोर्नियाचा आहे. तेथे पाच ते आठ वर्षांच्या, लठ्ठ नसलेल्या दोन हजारांहून अधिक मुलांवर दहा वर्षांपर्यंत लक्ष ठेवले गेले. सुरुवातीला दमा असलेल्या मुलांना पुढे लठ्ठ होण्याचा धोका ५१ टक्क्यांनी अधिक निघाला. त्याच अभ्यासात, जी मुले दम लागल्यावरचा पंप वापरत होती त्यांच्यात हा धोका कमी दिसला. २०१७ च्या या निष्कर्षाने कार्यकारणभाव सिद्ध होतो असे नाही, परंतु दम आवरला की मूल खेळते आणि खेळले की वजन आवरते, ही साखळी पटण्यासारखी आहे. ‘आधी वजन, मग औषध’ हा क्रम लावणाऱ्यांनी या निष्कर्षाचा विचार जरूर करावा. ज्या मुलाला दोनशे पावलांवर खोकला येतो, त्याला पळायला सांगून काय साधणार?

औषधांविषयी आमची भीती नेहमीचीच होती : पंपाची सवय लागते, स्टेरॉइडने मूल फुगते, उंची खुंटते. डॉक्टरांनी तिला हसून टाळले नाही. अ‍ॅटॅकमध्ये तोंडाने देण्याच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची मात्रा वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम, आणि ती काही दिवसांपुरती. तर या वयात रोज श्वासातून घेण्याच्या ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडची कमी मात्रा १०० ते २०० मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅममध्ये १,००० मायक्रोग्रॅम असतात. औषधे वेगळी असल्याने सरळ भागाकार करू नये हे मान्य, तरी अंतर किती मोठे आहे ते डोळ्यांना दिसते. वजन वाढवतात ते वारंवारचे गोळ्यांचे कोर्स, आणि ते लागूच नयेत म्हणून रोजचा पंप असतो. उंचीबाबत त्यांनी थेट सांगितले की, परिणाम होतो : उत्तर अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात लहानपणी काही वर्षे ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ‘आजी, एवढी किंमत आहे, ती लपवत नाही. समोरच्या पारड्यात रात्रीची झोप आहे, शाळा आहे आणि खेळ आहे,’ असे ते म्हणाले. हे ऐकल्यावर सूनबाईंनी रोजचा पंप सुरू करण्यास होकार दिला.

पंप वापरायला शिकवण्याचे काम येथे एक परिचारिका करतात आणि माझ्या मते संपूर्ण सेवेत हाच भाग सर्वांत सरस आहे. नातू आधीपासून निळा, म्हणजे दम लागल्यावर घ्यायचा पंप थेट तोंडात धरून घेत होता. त्यामुळे बरेचसे औषध जिभेवर आणि घशातच बसत होते. त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी दिली, पंप हलवायला लावला, एकच दाब द्यायला सांगितले, संथ श्वास आत ओढून दहापर्यंत मनात मोजायला लावले, आणि दुसऱ्या दाबापूर्वी थांबायला सांगितले. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून टाकायची, गिळायची नाही. स्पेसर भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता निथळत ठेवायचा, कारण फडक्याने घासले की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून राहते. पुढच्या प्रत्येक भेटीत त्या नातवाकडून हे सर्व पुन्हा करून घेतात. एकदा त्याने दहा मोजण्यात लबाडी केली, तीही त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

आहारसल्ल्याबाबत मात्र माझे मत मध्यम आहे. पहिल्या भेटीत हाती आलेला छापील तक्ता इंदूरसाठी तयार झालेला नव्हता हे उघड होते. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, ऑलिव्ह तेल होते; पोहे नव्हते. ज्या शहरात सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते, पोह्यांवर जीरावन मसाला आणि मूठभर शेव पडल्याशिवाय बशी पुढे सरकत नाही, आणि रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारात गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या कढईभोवती चार-चार पिढ्या उभ्या असतात, त्या शहरातल्या मुलाला असा तक्ता देणे म्हणजे देण्याचे नाटक करणे होय. सूनबाईंनी तसे स्पष्ट, पण आदराने सांगितले. आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या आणि त्यांनी ते मनावर घेतले, हे त्यांच्या श्रेयाचे. पुढच्या वेळी त्यांनी आम्हांला घरातल्या खाण्याची आठवड्याची वही लिहून आणायला लावली आणि तीवरून नवा तक्ता केला : पोहे राहिले, त्यांत मटार आणि शेंगदाणे वाढले, शेव चमच्याने मोजून आणि तीही रविवारीच; जिलेबी सणाला. तळलेल्या बेसनाच्या शेवेत १०० ग्रॅमला पाचशेहून अधिक कॅलरी असतात, हे त्यांनी वहीतल्या आमच्याच आकड्यांवरून दाखवले तेव्हा घरातल्या मोठ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. वरण-भात, भाकरी, ताक, उसळी यांना त्यांनी हातही लावला नाही. झोपण्याआधी दोन-तीन तास काही खायचे नाही, या एका नियमाने रात्रीचा सराफा आपोआप सुटला आणि पहाटेचा खोकलाही उतरला. तोपर्यंत पंपही सुरू झाला असल्याने श्रेय कोणाला द्यायचे, हे सांगणे कठीण आहे.

मुलाला उपाशी ठेवण्याची किंवा किलो उतरवण्याची घाई येथे कोणी केली नाही, हे महत्त्वाचे. वाढत्या वयात पुष्कळदा वजन आहे तेथे थोपवून धरले आणि उंची वाढू दिली, तरी इंडेक्स खाली येतो. तसेच झाले आहे : नातवाचे वजन फारसे हललेले नाही, उंची वाढली आहे आणि तक्त्यावरचा ठिपका रेषेच्या दिशेने खाली सरकला आहे. वजन आटोक्यात आल्यावर दमा अधिक चांगला आवरतो असे मुलांवरच्या छोट्या अभ्यासांतून दिसते. मोठ्यांच्या बाबतीत ५ ते १० टक्के वजन उतरल्यानेही फरक पडतो, असे जागतिक मार्गदर्शिका सांगतात. डॉक्टरांनी याहून मोठे आश्वासन दिले नाही.

फिजिओथेरपिस्टांचा भाग थोडक्यात आटोपतो. त्यांनी खेळापूर्वी दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालणे-पळणे, गरज पडल्यास डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी निळा पंप, आणि दिवसाला एकूण तासभर हालचाल एवढेच सांगितले. तेवढे पुरेसेही आहे. शाळेसाठी त्यांनी एक चिठ्ठी दिली, जिच्यात मुलाला खेळाच्या तासातून वगळू नये आणि पंप दप्तरात ठेवू द्यावा असे लिहिले होते. तिचा उपयोग झाला.

रंगपंचमीविषयी मात्र थोडे अधिक लिहायला हवे. राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहिली नाही तर इंदूरकराची होळी संपत नाही, आणि तोफांमधून उडणारा गुलाल मैलभर हवेत तरंगतो. डॉक्टर स्वतः इथलेच असल्याने त्यांनी ‘जाऊ नका’ असे न म्हणता नातवालाच विचारले की, गच्चीवरून लांबून पाहिले तर चालेल का. त्याने आधी तोंड फिरवले, मग मान्य केले. त्या आठवड्यात रोजचा पंप एकदाही चुकवायचा नाही, निळा पंप आणि स्पेसर जवळ ठेवायचा, आणि कोणत्या लक्षणांना थेट इमर्जन्सीत यायचे, हे एका पानावर हिंदीत लिहून दिले. मराठीत असते तर माझ्या धाकट्या जावेलाही वाचता आले असते, पण ही तक्रार नव्हे.

तक्रारी पुढे आहेत. अपॉइंटमेंट घेताना फोनवर कोणी सांगितले नाही की, स्पायरोमेट्रीपूर्वी किमान चार तास निळा पंप घेतलेला नसावा. सकाळी नातवाने तो घेतला होता, म्हणून आम्हांला परत पाठवले गेले आणि मुलाची शाळा पुन्हा बुडाली. काउंटरवर विचारले तर ‘यह तो डॉक्टर बताते हैं’ असे उत्तर मिळाले. दिलेली वेळ कधीच पाळली जात नाही. प्रतीक्षागृहात दमेकरी मुले बसतात आणि तेथेच उग्र वासाचे फवारे मारतात, हे तर समजण्यापलीकडे आहे. औषधांच्या दुकानात स्पेसर रुग्णालयातच घेण्याचा आग्रह होतो. बाहेर तोच स्वस्तात मिळाला. तिघांची फी वेगवेगळी लागते आणि ती मध्यमवर्गीय घरालाही जाणवते. हातावर पोट असलेल्यांना ही व्यवस्था परवडणारी नाही.

मूल अंगाने भरलेले असून त्याला आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा धाप लागत असेल, रात्री जाग येत असेल किंवा गोळ्यांचे कोर्स पुन्हा पुन्हा घ्यावे लागत असतील, तर एवढे सगळे सोसूनही अशा एकत्रित ओपीडीत जावे असे मी म्हणेन. ज्यांच्या मुलाचा दमा सौम्य आहे आणि वजन ठीक आहे, त्यांना घराजवळचे चांगले बालरोगतज्ज्ञ पुरेत. जाताना जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेले सगळे पंप आणि आठवडाभराच्या खाण्याची वही न्यावी, फोनवर चाचणीपूर्वीची पथ्ये स्वतः विचारून घ्यावीत, आणि मूल त्या सकाळी धापत असेल तर चाचणीसाठी पंप अडवून न ठेवता तो द्यावा व तारीख बदलून घ्यावी.